तांबडा दिवा खोटं बोलतो तेव्हा



गंगापूर तालुक्यातून एका वाचकबंधूंचे पत्र आले आहे. त्यांनी औंदा जुनी मोटार घेतली. गाडी चालायला झकास आहे, पण समोर इंजिनाच्या पाण्याचा तांबडा दिवा सारखा लागतो. बॉनेट उघडून पाहावे तर टाकी भरलेली. एका गॅरेजवाल्याने त्यांना सांगितले, "दोन वायरी एकमेकींना जोडून देतो, दिव्याची कटकटच मिटेल." पत्रलेखक विचारतात, हे करून घ्यावे का?

उत्तर एका शब्दात देतो : नाही. पण नुसते 'नाही' म्हणून भागणार नाही. हाच शहाणपणा आमच्या घरात झालेला आहे. त्याचे पैसे तर गेलेच, पण एका पोराचा चेहरा जायचा तो थोडक्यात वाचला. म्हणून आज जरा सविस्तर बोलू.

आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या मंडळींना मोटारींचे वेड किती, हे साऱ्या देशाला ठाऊक आहे. २०१० च्या ऑक्टोबरात इथल्या मंडळींनी १५० मर्सिडीज गाड्या एकदम घेतल्या, तेव्हा केवढी चर्चा झाली होती! ती बड्यांची गोष्ट. पण नंतर खेड्यापाड्यांतही चारचाकी आली. कुणाची जमीन प्रकल्पात गेली, कुणाला अद्रकीने हात दिला, कुणी कर्ज काढले. बहुतेकांनी जुनीच गाडी घेतली. जुनी गाडी घेण्यात काही वावगे नाही. फक्त तिच्याबरोबर तिची जुनी दुखणीही घरी येतात, एवढे ध्यानात ठेवावे.

आमच्या पुतण्याने अशीच एक गाडी घेतली. फुलंब्रीकडे शेती, घरात सहा माणसे. पहिले दोन महिने बरे गेले. मग पाण्याचा दिवा लागू लागला. पहिल्या दिवशी त्याने घाबरून गाडी थांबवली, टाकी पाहिली. पाणी पुरेपूर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठ दिवसांनी त्याने पाहणे सोडले. महिन्याने एका रस्त्यावरच्या मिस्त्रीकडून वायरी जोडून घेतल्या आणि दिवा विझला. मी विचारले तर म्हणाला, "काका, तो दिवा म्हणजे नुसता तमाशा होता. टाकी भरलेली अन् हा आपला बोंबलतोय."

आणि मी, दर आठवड्याला तुम्हांला यंत्रांच्या चार गोष्टी सांगणारा माणूस, गप्प बसलो. म्हटले, पोराची गाडी, पोराला कळते.

मे महिन्यात चाळीसगावला लग्न होते. परतताना गाडीत पुतण्या, सूनबाई, दोन पोरे, मागे वहिनी आणि पुढे मी. दुपारचे तीन. कन्नडचा घाट तुम्हांला माहीत आहेच. खालच्या खानदेशातून वर मराठवाड्यात येताना गाडीचा सारा जीव चढावर लागतो. पुढे मालमोटारी, त्यामुळे गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. पोरांना उकडते म्हणून एसी चालू. निम्मा घाट चढलो आणि गोडसर वास येऊ लागला. मला वाटले, लग्नातल्या मिठाईचा डबा सांडला असेल. दिवा तर विझवलेलाच होता. काट्याकडे पाहिले, तो निम्म्याच्याही खाली. म्हणजे सगळे ठीक, असे आम्ही समजलो. थोड्या वेळाने इंजिन खडखडले, बॉनेटमधून पांढरी वाफ उसळली आणि गाडी जागीच थांबली.

पुतण्या उडी मारून उतरला, बॉनेट उघडले, खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला आणि टाकीचे झाकण फिरवायला वाकला. तेवढ्यात मागून वहिनी ओरडल्या, "हात लावू नको रे! वाफ गेल्याबिगर कुकरचं झाकण काढतेत का कुणी?"

मंडळी, वहिनींनी आयुष्यात कधी स्टिअरिंग धरले नाही. पण त्या एका वाक्यात साऱ्या मोटारविद्येचे सार आहे. इंजिनाचे पाणी उघड्या पातेल्यातल्यासारखे नसते, ते झाकणाखाली दाबून ठेवलेले असते. घरच्या कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास जाऊनच उकळते, म्हणून डाळ लवकर शिजते. गाडीतही तीच युक्ती. पाण्यात कूलंट मिसळल्याने आणि झाकणाच्या दाबाने ते शंभर अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. पण झाकण काढले की दाब सुटतो, आणि दबलेले पाणी क्षणात उकळून वाफेसकट माणसाच्या तोंडावर येते. टॉवेल त्याला काय अडवणार? पोराचा चेहरा आणि डोळे त्या दिवशी वाचले, ते आईच्या स्वयंपाकघरातल्या शिकवणीने.

गाडी टोचन लावून घरी आणली, मग संभाजीनगरला नेली. तिथले एक जुने, जाणते मिस्त्री आहेत. त्यांनी इंजिन खोलले. हेड वाकलेले, गॅस्केट जळालेले. मक्याचे जे पैसे विहिरीच्या कामासाठी बाजूला ठेवले होते, ते त्या इंजिनात गेले. विहीर एक वर्ष मागे पडली.

मी मिस्त्रींना दोन गोष्टी विचारल्या. पहिली, इंजिन एवढे तापले तर काटा वर का नाही गेला? ते म्हणाले, "काका, काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवर पाण्याचा ताप सांगतो. पाणीच निघून गेलं, तर तो कोरडा लटकतो. मग तो काय सांगणार?" म्हणजे पाणी गळून गेल्यावर काट्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणूनच तर पाण्याच्या पातळीचा दिवा वेगळा दिलेला असतो. पाणी कमी व्हायला लागले की इंजिन तापण्याआधीच त्याने ओरडायचे असते. तोच आम्ही मुका केला होता. रबरी नळी पट्ट्यापाशी चिरली होती आणि घाटात सगळे पाणी तिथून वाहून गेले. दिवा जागा असता, तर घाटाच्या पायथ्यालाच थांबलो असतो.

दुसरी गोष्ट, टाकी भरलेली असताना तो दिवा आधी का लागत होता? मिस्त्रींनी टाकी कापून दाखवली. आत लहानसा तरंगता गोळा असतो, त्यात लोहचुंबक. पाणी खाली गेले की गोळा खाली येतो आणि दिवा लागतो. आमच्या टाकीत तो गोळा पांढऱ्या थराने चिकटून तळालाच बसला होता. थर कशाचा? आमच्या बोअरच्या पाण्याचा! आपल्याकडचे बोअरचे पाणी किती जड, ते चहाच्या पातेल्याच्या बुडाला विचारा. पुतण्या कूलंटऐवजी तेच पाणी ओतत होता. तांब्याने ओतलेले ते क्षार टाकीत बसले, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसले. म्हणजे दिवा पातळीबाबत चुकत होता खरा, पण गाडीच्या पोटात काहीतरी बिघडले आहे, हे तो सांगतच होता.

यावरून मला विहिरीवरच्या स्टार्टरची आठवण झाली. तीन फेजपैकी एक गेला की प्रिव्हेंटर मोटार बंद करतो. कधी तो उगाचच ट्रिप होतो. मग आपण काय करतो? रात्री दोन वाजता पुन्हा पुन्हा शेतात कोण जाणार, म्हणून प्रिव्हेंटरच काढून वायर थेट जोडतो. चार दिवस सुखाचे जातात आणि एका रात्री मोटार जळते. रिवायंडिंगचा खर्च किती येतो, ते तुम्हांला मी सांगायला नको. गाडीच्या दिव्याची गत तीच. राखणदार कुत्रे उगाच भुंकते म्हणून त्याचे तोंड बांधले, तर चोर आला त्या रात्री दोष कुणाला द्यायचा?

आता पत्रलेखकांच्या कामाचे सांगतो. भरलेल्या टाकीवर दिवा लागण्याची कारणे ठरावीकच आहेत. तरंगता गोळा थराने किंवा गाळाने अडकणे, हे एक. सेन्सरच्या पिना गंजणे, हे दुसरे. तिसरे म्हणजे उंदीर. गाडी गोठ्याजवळ किंवा कडब्याच्या वळईपाशी उभी राहत असेल तर उंदीर वायरी कुरतडतात. चौथे, दोन तऱ्हेचे कूलंट एकत्र ओतणे. त्यांचे कधीकधी जुळत नाही आणि आत चिकट गाळ होतो. काही गाड्यांत गोळ्याऐवजी दोन सळ्या असतात आणि पाण्यातून वीज वाहते की नाही यावर दिवा ठरतो. तिथे नुसते डिस्टिल्ड वॉटर भरले तर वीज नीट वाहत नाही आणि भरल्या टाकीवर दिवा लागतो. सळ्यांवर थर बसला तरी तेच. यातले नेमके काय, ते मिस्त्री मीटर लावून सांगेल. काही टाक्यांत सेन्सर सुटा निघतो, काहींत निघत नाही, मग टाकीच बदलावी लागते. तो खर्च टोचतो, पण इंजिनाच्या खर्चापुढे तो काहीच नाही.

मात्र दिवा खोटाच आहे, हे आधी सिद्ध करा. त्यासाठी ही कामे घरच्या घरी करावीत :

१. सकाळी, गाडी रात्रभर थंड झालेली असताना, सपाट जागी उभी करून टाकीची पातळी पाहा. टाकीवर मिन आणि मॅक्स अशा दोन खुणा असतात. पाणी त्या दोहोंच्या मध्ये हवे. झाकण उघडायची गरज नाही, बहुतेक टाक्या बाहेरूनच दिसतात. जुन्या टाकीवर पिवळट डाग असतो आणि तोच पाण्याची पातळी वाटतो, म्हणून बॅटरीचा उजेड धरून, टाकी जरा हलवून पाहा.

२. पातळीवर पेनाने खूण करा. आठ दिवस रोज त्याच वेळी पाहा. खूण जागची हलली नाही, तर दोष दिव्यात किंवा वायरीत. खूण खाली जात असेल, तर दिवा खरे बोलतो आहे.

३. पाणी घटत असेल तर गाडीखाली ओल, नळ्यांच्या सांध्यांना रंगीत डाग, गोडसर वास, इंजिन गरम झाल्यावरही धुराड्यातून येत राहणारा पांढरा धूर हे पाहा. ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखे काही दिसले तर गाडी चालवू नका, पाणी ऑइलमध्ये जात असावे.

४. दिवा फक्त वळणावर किंवा चढावर लागत असेल, तर बहुधा पातळी मिनच्या जवळ आली आहे. आधी ती पुरी करा.

५. भरताना बोअरचे पाणी नको. गाडीच्या पुस्तकात सांगितलेलेच कूलंट घ्या. तयार मिळते ते तसेच ओतावे, दाट असेल तर पुस्तकातल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळावे.

आणि वाटेत दिवा लागलाच तर? गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, माणसे रस्त्यापासून दूर सावलीत बसवा. निदान तासभर झाकणाला हात नको. तापल्या इंजिनावर थंड पाणीही ओतू नका, लोखंड तडकते. थंड झाल्यावर जाड फडके धरून झाकण जरासे सैल करा. फुस्स आवाज आला तर तिथेच थांबा, आवाज पूर्ण गेल्यावरच काढा.

आणखी एक सांगणे, विशेषतः घरातल्या बायाबापड्यांना. कूलंट रंगीत असते आणि चवीला गोड. पण त्यातले इथिलीन ग्लायकॉल हे विष आहे. थोडेसे चाटले तरी कुत्र्या-मांजराचे मूत्रपिंड निकामी होऊन जीव जातो, लहान लेकरालाही तोच धोका. सांडले तर लगेच माती टाकून भरून घ्या. डबा फळीवर उंच ठेवा आणि सरबताच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत कधीही भरू नका.

जाता जाता मनातली गोष्ट सांगतो. आमचा पुतण्या ट्रॅक्टर चालवतो. ट्रॅक्टरला पातळीचा दिवा नाही, म्हणून रोज सकाळी तो रेडिएटरचे पाणी पाहिल्याशिवाय चावी फिरवत नाही. मोटारीला दिवा होता, म्हणून पाहणे सुटले. मग दिवाही काढला, पण पाहण्याची सवय काही परत आली नाही. खरी चूक तिथे झाली. आता नवा सेन्सर बसवला आहे, दिवा गप्प आहे आणि तरीही सकाळी ट्रॅक्टरबरोबर मोटारीचेही बॉनेट उघडते. वहिनी ओट्यावरून विचारतात, "पाणी पाह्यलं का रे?" आणि 'हो' ऐकल्याशिवाय नातवंडांना गाडीत बसू देत नाहीत.

तेव्हा गंगापूरच्या बंधूंनो, वायर जोडून घेऊ नका. आठ दिवस खूण करून पाहा, काय दिसले ते कळवा.

पुढच्या खेपेला पावसाळ्यापूर्वी बॅटरीची निगा. तोवर राम राम!