येलदरीवर पक्षी पाहायला निघण्यापूर्वी

परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेडच्या पक्षीप्रेमी बंधुभगिनींनो आणि मुलांची सहल नेणाऱ्या गुरुजनांनो,

रब्बीची ज्वारी गुडघ्याएवढी होते तोवर आपल्या पाण्यावर पाहुणे उतरलेले असतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, केशरी अंगाचे चक्रवाक, फताड्या चोचीची थापट्या बदकं, चिखल टोचत फिरणारे तुतवार. पूर्णा नदीवरचं येलदरी धरण १९६८ साली पूर्ण झालं ते वीज आणि शेतीसाठी. पण सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर पाणी मावणाऱ्या या जलाशयाचा उथळ काठ पक्ष्यांनी आपलासा केला. करपरा, मासोळी, निम्न दुधना यांच्या काठांचंही तसंच आहे. आता दुर्बिणी आणि कॅमेरे घेऊन माणसंही तिथे जाऊ लागली आहेत. याचा मला मनापासून आनंद आहे, आणि म्हणूनच एक कळकळीची विनंती आहे: पक्षी काठावरून पाहा, त्यांच्या अंगावर जाऊ नका.

किती जवळ जायचं, हे पक्षीच सांगतो. चरणारी बदकं चरायची थांबली, माना ताठ झाल्या, सगळा थवा हळूहळू आत सरकू लागला, की आपण फार पुढे आलो असं समजा आणि तिथेच बसा. थोड्या वेळाने माना खाली जातील. मग पाहा, हवं तेवढं. चक्रवाक तर फारच सावध. एक ओरडत उठला की आजूबाजूचं सगळं पाणी रिकामं होतं. उडत्या थव्याचा फोटो मिळावा म्हणून खडे मारणं, टाळ्या वाजवणं, ड्रोन सोडणं, हे मला अक्षम्य वाटतं. बदकांच्या अनेक जाती रात्री चरतात आणि दिवसा पाण्यावर विसावतात. आपल्याला जे नुसतं बसणं दिसतं, ती त्यांची विश्रांती असते. हिवाळा सरताना परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते. विनाकारण घेतलेली प्रत्येक भरारी त्या साठ्यातून वजा होते. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना जवळ बोलावणंही टाळा.

निघण्याआधी जागा एकदा पाहून या. काठाची जमीन बहुधा कुणाच्या तरी वहिवाटीची असते. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात गाळपेर होते, हरभरा पेरला जातो. बांधावरच्या मालकाला रामराम घालून विचारा, मगच पाय टाका. जाळी टाकणाऱ्या भोई बांधवांशीही बोला. कोणत्या कोपऱ्यात कोणता पक्षी बसतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. धरणाच्या भिंतीवर आणि वीजघराकडे परवानगीशिवाय जाऊ नका. सकाळी पूर्वेच्या काठावर उभे राहिलात तर ऊन पाठीशी राहतं आणि रंग नीट दिसतात.

आठ-दहा जणांपेक्षा मोठा गट नको. शाळेचा वर्ग असेल तर तुकड्या करा. एक तुकडी दुर्बिणीशी, बाकीची मुलं लांब झाडाखाली वह्या घेऊन. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे असावेत. ८ बाय ४२ ची एक दुर्बीण चार जणांना पुरते. सोबत पाणी आणि फडक्यात बांधलेली भाकरी घ्या, म्हणजे वेष्टनांचा कचराच होणार नाही. कुत्रा घरी ठेवा. आणि मुलांना आधीच बजावा, की आपल्या काळ्या मातीचा गाळ वरून वाळलेला, भेगाळलेला दिसला तरी खाली ओला असतो. पाय मांडीपर्यंत रुततो. पाण्याच्या कडेपर्यंत धावायचं नाही म्हणजे नाही.

उन्हाळ्यात जाणार असाल तर आणखी जपा. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, नदीसुरय पाणी उतरल्यावर वर आलेल्या बेटांवर. अंडी खड्यांसारखीच दिसतात. मे महिन्यात टिटवी पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंड्यांवर बसून ती थंड ठेवते. आपण घरट्याजवळ रेंगाळलो तर ती लांबूनच ओरडत राहते आणि तेवढ्या वेळात अंडी उन्हाने भाजतात. घरट्याचा फोटो काढू नका, जागाही कुणाला कळवू नका.

जानेवारी २०२१ आपण विसरलेलो नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात कोंबड्या पटापट मेल्या, बर्ड फ्लूचं निदान झालं आणि उरलेल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. काठावर मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका. पशुसंवर्धन विभागाला १९६२ या क्रमांकावर कळवा. जखमी पक्षी किंवा शिकारीचे फास दिसले तर वनविभागाचा १९२६ आहे. ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत, त्यांनी पाणथळीवरून परतल्यावर चपला-बूट धुतल्याशिवाय खुराड्याकडे जाऊ नये.

५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. यंदा तेव्हापासून एक साधी वही सुरू करा: तारीख, वेळ, जागा, पक्षी, संख्या. ओळख पटली नाही तर रंग, चोच, पाय यांचं वर्णन लिहा, अंदाजाने नाव लिहू नका. पायात रंगीत कडं दिसलं तर त्याचा रंग आणि त्यावरची अक्षरं टिपा. जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. तेव्हा त्याच काठावर, त्याच वेळी पुन्हा जा आणि मोजा.