मुहूर्त तिथीचा, लागवड नक्षत्राची

वैशाख शुद्ध तृतीया ही अक्षय्य तिथी. साडेतीन मुहूर्तांत तिची गणना होते. या दिवशी केलेले दान, जप आणि तर्पण क्षय पावत नाही, अशी आपली पिढ्यानपिढ्यांची श्रद्धा आहे. महिनाभर झोपाळ्यात विराजमान झालेल्या चैत्रगौरीला याच दिवशी निरोप द्यावयाचा असतो. ऋतू वसंताचा. आंबा फळांनी लवलेला, कडुनिंब नव्या पालवीने सजलेला, मोगरा बहरात आलेला. ज्यांच्या घरामागे चार हात जमीन आहे किंवा गच्चीवर चार कुंड्या आहेत, त्यांचे हात अशा वेळी मातीत जाण्यासाठी शिवशिवू लागले तर नवल नाही. मुहूर्तावर एक तरी रोप लावावे ही भावना मंगलच आहे. परंतु त्या रोपाचे पुढे काय होते, याचा विचारही सणाच्याच दिवशी व्हावा, असे आम्हांस वाटते.

वसंत हा झाडांचा ऋतू खरा, पण तो रुजलेल्या झाडांचा. ज्या वृक्षाची मुळे खोल ओलाव्यापर्यंत गेली आहेत, तो वैशाखवणव्यातही पालवतो. नुकत्याच लावलेल्या रोपाला ती मुळे कोठून असणार? पानांतून जितके पाणी उन्हाने उडून जाते तितके कोवळी मुळे जमिनीतून ओढू शकत नाहीत. सकाळी कुंकू-अक्षता वाहून लावलेले रोप चार दिवसांत माना टाकते, आणि आठवड्याने तेथे एक वाळकी काडी उरते. अक्षय्य तिथीला लावलेल्या जिवाचा असा क्षय व्हावा, हे त्या तिथीला शोभणारे नाही.

मग शास्त्र एक सांगते आणि सृष्टी दुसरे, असे समजावे काय? मुळीच नाही. आपल्या पंचांगातच याचे उत्तर आहे. व्रते आणि सण चंद्राच्या तिथीवर चालतात, तर पेरणी सूर्याच्या नक्षत्रावर. अक्षय्य तृतीया २०२३ साली २२ एप्रिलला आली, २०२४ साली १० मेला. सूर्याचा मृग नक्षत्रातील प्रवेश मात्र दरवर्षी ७ किंवा ८ जूनच्या सुमारासच होतो. म्हणजे सणापासून मृगापर्यंतचे अंतर एका वर्षी दीड महिन्याहून अधिक, तर दुसऱ्या वर्षी महिन्याच्या आत. भारतीय हवामान खात्याने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या आगमनाच्या तारखा सुधारल्या, तेव्हा मुंबईची सरासरी तारीख ११ जून ठरली. जुन्या शेतकऱ्याचा मृग आणि आजचे हवामानशास्त्र यांत तीन-चार दिवसांचेच अंतर! ज्या पूर्वजांनी तिथी पाळली, त्यांनीच बी मात्र नक्षत्रासाठी राखून ठेवले.

या दिवशी आळे करून लावलेले झाड भरभरून फळते, असा लोकसमज आहे. ज्या घरच्या विहिरीला वैशाखातही पाणी आहे आणि रोपाला सावली धरणारे कोणी आहे, तेथे तो खराही ठरतो. त्यांनी अवश्य लावावे. परंतु ज्यांच्याकडे नळाला तासभरच पाणी येते, त्यांनी मुहूर्त साधण्यासाठी एका जिवाचा बळी देऊ नये.

त्यांचा मुहूर्त म्हणून वाया जातो काय? आम्हांस तसे वाटत नाही. मुहूर्त हा आरंभाचा असतो, आणि लागवडीचा आरंभ खड्ड्यापासून होतो. या दिवशी दोन फूट लांब, रुंद आणि खोल असा खड्डा खणून उघडा ठेवावा. महिनाभराच्या उन्हाने मातीतील किडींच्या अळ्या मरतात. पावसापूर्वी त्यात पालापाचोळा, चांगले कुजलेले शेणखत आणि माती भरावी. कुंड्यांतील जुनी माती काढून उन्हात पसरावी. दोडका, कारले, भोपळा यांचे बी निवडून राखेत घालून ठेवावे. तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या चुरून बी जपावे. घरातल्या मुलांना हाताशी घेऊन ही कामे केली, तर पाऊस का पाहावयाचा असतो हे त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही.

या तिथीचे मुख्य दान तर उदककुंभाचे. वैशाखात शिवलिंगावर गळती बांधतात, तोच भाव अंगणातील झाडांविषयी का नसावा? गेल्या पावसाळ्यात लावलेले रोप आज पहिला उन्हाळा सोसत असेल. त्याच्या बुंध्यापासून वीतभर अंतरावर मातीचे साधे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावे. त्यातून पाझरणारा ओलावा मुळांना हळूहळू मिळत राहतो. नवे रोप लावण्याच्या पुण्यापेक्षा लावलेले रोप जगविण्याचे पुण्य आम्ही रतीभरही कमी मानीत नाही.

उपवास करणारा अन्नाचा अनादर करीत नाही, तो योग्य वेळेची वाट पाहतो. बी हाती असूनही मृगापर्यंत थांबणारा गृहस्थ असेच एक व्रत आचरीत असतो. पहिल्या पावसाने मातीला सुगंध सुटेल, जमीन वीतभर खोल भिजेल, तेव्हा त्याने रोप लावावे. भाद्रपदात गणरायाला वाहण्याजोगी पाने त्याच्या अंगणात असतील, आणि पुढच्या अक्षय्य तृतीयेला उदककुंभ ठेवण्यासाठी एक झाडही असेल.