पपीच्या लसी झाल्या, पण जंत आणि गोचिडांचं काय?



ब्रॅकनेल, वोकिंगहॅम, बिनफील्ड भागात आपल्या बऱ्याच मराठी घरांत आता कुत्रा आहे. मुलांनी हट्ट केला, आपण दोन वर्षं "नंतर बघू" म्हटलं आणि शेवटी पपी आलाच. मग सगळ्यांना एकच प्रश्न पडतो: "इंजेक्शनं झाली ना सगळी? मग व्हेट दर महिन्याला गोळ्या आणि मानेवरचे थेंब कशाला देतो? पैसे काढायचा धंदा आहे का?"

प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्यामागे एक समजूत आहे, ती मला धोक्याची वाटते. "एकदा टोचलं की सुटलो" ही ती समजूत. म्हणून ही जरा लांब पोस्ट. चहा घेऊन बसा.

आधी साधी गोष्ट. पपीला इथे जी नेहमीची लस देतात ती डिस्टेंपर, पार्वो, हिपॅटायटिस आणि लेप्टोस्पायरोसिसवर असते. म्हणजे विषाणू आणि जिवाणू. जंत, गोचीड, पिसू आणि गोचिडातून रक्तात शिरणारे परजीवी यातल्या एकावरही ती लस काम करत नाही. व्हॅक्सिनेशन कार्डावर सगळे शिक्के असले तरी तुमचा कुत्रा या बाबतीत उघडाच असतो.

आता ब्रॅकनेलपुरतं बोलू. आपल्याकडे पाऊस, हिरवळ आणि बागेत स्लग-गोगलगायी भरपूर. त्यांच्या पोटात लंगवर्मच्या अळ्या असू शकतात. कुत्र्याने स्लग खाल्ला, कधी बाहेर राहिलेल्या खेळण्याला चिकटलेला बारीकसा नकळत गिळला, की त्या अळ्या आतड्यातून निघून हृदयाच्या उजव्या बाजूला आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत जाऊन मोठ्या होतात. खोकला, थकवा, कारण नसताना रक्तस्राव, आणि वेळेत कळलं नाही तर मृत्यू. दक्षिण इंग्लंडमध्ये हा आजार चांगलाच पसरलेला आहे. त्यावर लस नाही. दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या साध्या जंताच्या गोळीनेही बहुधा भागत नाही. व्हेटच्या चिठ्ठीचं औषध लागतं.

गोचिडांचंही तसंच. स्विन्ली फॉरेस्टमध्ये फिरून आल्यावर कुत्र्याचे कान, काखा, बोटांच्या फटी तपासायलाच हव्यात. २०१५ च्या शेवटी आणि २०१६ च्या सुरुवातीला एसेक्समधल्या हार्लोला, कधीही परदेशी न गेलेल्या कुत्र्यांना बबेसिया झाला होता. हा गोचिडातून येणारा, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडणारा परजीवी. तोवर तो "युरोपातला आजार" समजला जायचा. आपल्या पुण्या-कोल्हापूरच्या घरी कुत्रा असेल तर "गोचीड ताप" हा शब्द तुम्हाला नवा नाही. भारतात त्यामागे बऱ्याचदा बबेसिया गिब्सोनाय हा भाऊबंद असतो. तो पहिल्यांदा वर्णन केला गेला १९१० मध्ये, मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात. शंभरावर वर्षं झाली, त्यावर आजही बाजारात लस नाही.

का नाही? विषाणू हा छोटासा जीव असतो, त्याच्या अंगावरची एखादी खूण शरीराला ओळखायला शिकवली की बरंच काम होतं. जंत म्हणजे पूर्ण प्राणी. अंडं, अळी, प्रौढ अशी त्याची रूपं बदलतात, एका अवयवातून दुसऱ्यात प्रवास होतो आणि वर तो आपल्या यजमानाची प्रतिकारशक्ती झोपवून ठेवतो. बबेसियासारखे एकपेशी परजीवी तर पेशीच्या आतच लपतात. शिवाय एकदा होऊन गेला म्हणजे पुन्हा होणार नाही, असं या आजारांत सहसा नसतं. जिथे निसर्गालाच पूर्ण संरक्षण जमत नाही, तिथे लसीकडून शंभर टक्के कसं मागणार?

तरी प्रयत्न झालेत, आणि त्यातली एक गोष्ट प्रत्येक पालकाने ऐकावी अशी आहे.

ग्लासगो विद्यापीठात १९५० च्या दशकात गुरांच्या लंगवर्मवर लस तयार झाली. जंताच्या अळ्यांना किरणोत्सर्गाने दुबळं करायचं आणि त्याच जिवंत अळ्या वासराला पाजायच्या. १९५९ मध्ये ती बाजारात आली आणि चालली. ग्लासगोच्याच टी. ए. मिलर यांनी तीच युक्ती कुत्र्यांच्या हूकवर्मवर, म्हणजे आतड्याला चिकटून रक्त पिणाऱ्या अंकुशकृमीवर वापरली. १९७३ मध्ये ती लस अमेरिकेत विक्रीला आली. १९७५ मध्ये बंद झाली.

लस खोटी होती का? नाही. ती कुत्र्याला आजारापासून चांगलं वाचवायची. पण थोडे जंत आत राहायचे आणि शीच्या तपासणीत अंडी दिसायची. अंडी दिसली की व्हेट आणि मालक म्हणायचे, "लस फेल गेली." किंमत जास्त, जिवंत अळ्या असल्यामुळे टिकाऊपणा कमी, ही कारणंही होतीच. पण "थोडं तरी उरलं म्हणजे उपयोग नाही" या हिशोबानेही तिचा घात केला.

माझं म्हणणं इथेच आहे. परजीवींवरच्या लसी आल्या तर त्या अशाच येणार: अर्ध्या-मुर्ध्या, आजार सौम्य करणाऱ्या, शक्यता कमी करणाऱ्या. आपण त्यांना पार्वोच्या लसीची फूटपट्टी लावली तर त्या कधीच टिकणार नाहीत.

अशी उदाहरणं बघा. वाळूमाशीतून पसरणाऱ्या लेश्मानियावर युरोपात कॅनिलीश ही लस २०११ मध्ये आणि लेटीफेंड २०१६ मध्ये मंजूर झाली. लेटीफेंडच्या चाचणीत लस दिलेल्या कुत्र्याला आजाराची लक्षणं येण्याचा धोका सुमारे पाचपट कमी निघाला. कमी, शून्य नव्हे. म्हणूनच लसीबरोबर वाळूमाशीला दूर ठेवणारा पट्टाही घालायलाच सांगतात. बबेसियावर फ्रान्समध्ये १९८० च्या दशकात पिरोडॉग आली. तीही संसर्ग थांबवत नाही, आजार हलका करते.

आणि हे फक्त कुत्र्यांचं नाही. मलेरियाही परजीवीच. त्यावरची पहिली लस, आरटीएस-एस, चार डोस देऊनही चार वर्षांत मलेरियाच्या केसेस साधारण एक तृतीयांशानेच कमी करत होती. तरी घाना, केनिया, मलावीत ती दिल्यावर लहान मुलांचे मृत्यू १३ टक्क्यांनी घटले. दुसरी लस, आर२१, ऑक्सफर्डने शोधली आणि आपल्या पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ती बनवते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली. ही लस घेतली म्हणून आफ्रिकेतल्या आईने मच्छरदाणी काढून टाकायची नसते. ती आई जो हिशोब करते, तोच आपण कुत्र्यासाठी का करू नये?

कोणी म्हणेल, गोळ्या आहेत ना, मग लस हवी कशाला? तर ससेक्स विद्यापीठाचा अभ्यास बघा. २०१६ ते २०१८ मधल्या इंग्लंडच्या २० नद्यांच्या पाण्याच्या नमुन्यांपैकी ९८ टक्क्यांत फिप्रोनिल आणि ६६ टक्क्यांत इमिडाक्लोप्रिड सापडलं. दोन्ही पिसवांच्या थेंबांतली कीटकनाशकं. आपला पपी 'द कट'मध्ये डुंबतो, तेच पाणी पुढे ब्रेजवळ थेम्सला मिळतं. म्हणून ब्रिटिश व्हेटरिनरी असोसिएशनही सांगते की सरसकट नको, त्या कुत्र्याचा धोका बघून औषध द्या. चांगली लस असती तर या रसायनांचा भार थोडा तरी हलका झाला असता. आपल्याच गावात, एल्सफील्ड अव्हेन्यूवर, जनावरांची औषधं करणाऱ्या बोरिंगर इंगेलहाइमचं ऑफिस आहे. अशा कंपन्यांना लसीचं गिऱ्हाईक दिसलं पाहिजे, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे आपण.

तोवर काय करायचं?

१. व्हेटला थेट विचारा: "आमच्या औषधात लंगवर्म येतो का?" खेळणी आणि पाण्याचं भांडं रात्री आत घ्या.

२. शी लगेच उचला. टॉक्सोकारा या गोलकृमीची अंडी मातीत काही आठवड्यांनी संसर्गजन्य होतात आणि मुलांच्या डोळ्याला इजा करू शकतात. खेळून आलं की हात धुवायचे, हे आजीचं शिस्तीचं वाक्य इथेही लागू.

३. कुत्र्याला घेऊन स्पेन-पोर्तुगालला जाणार असाल तर दोन महिने आधी व्हेटकडे जा. लेश्मानियाची लस सहा महिन्यांच्या पुढच्या, संसर्ग नसलेल्या कुत्र्यालाच देतात आणि संरक्षण यायला साधारण चार आठवडे लागतात. पट्टा तरीही हवाच. परत येताना व्हेटकडून पट्टकृमीचं औषध २४ ते १२० तास आधी द्यावं लागतं.

४. सायप्रस किंवा रोमानियाहून रेस्क्यू कुत्रा घेत असाल तर आल्याबरोबर रक्ततपासणी करून घ्या.

५. उद्या तुमच्या व्हेटने अशी एखादी अर्धी लस सुचवली, तर "शंभर टक्के आहे का?" हा प्रश्न पहिला नको. "किती धोका कमी होतो, आणि बाकी काय चालू ठेवायचं?" असं विचारा. मुलांना शेजारी उभं करून विचारा, त्यांनाही हा हिशोब कळू दे.

तुमच्याकडे कोणी लेश्मानियाची लस दिली असेल तर अनुभव खाली नक्की लिहा. आणि पटलं नाही तर तेही लिहा, बोलूया.