पाताळयंत्र्यांचा खेळ

बव्हेरियातील इंगोलश्टाट येथे 1 मे 1776 रोजी आडाम वाइसहाउप्ट या प्राध्यापकाने स्थापन केलेली इल्युमिनाटी ही गुप्त संघटना जेमतेम दशकभर टिकली आणि सरकारी बंदीहुकमांनी तिचा कारभार आटोपला. परंतु फ्रेंच राज्यक्रांतीचे खापर बार्युएल आणि रॉबिसन या लेखकांनी 1797 मध्ये तिच्या माथी मारल्यापासून जगाची सूत्रे हलवणारे अदृश्य मंडळ म्हणून तिची जी ख्याती झाली, ती आजही ओसरलेली नाही. या ख्यातीचा सर्वांत विचारपूर्वक उपयोग एखाद्या कादंबरीने नव्हे, तर वॉरन स्पेक्टर यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झालेल्या ‘डेउस एक्स’ या 2000 सालच्या व्हिडिओ गेमने केला आहे.

मोठ्या घटनांमागे मोजक्या लोकांचा छुपा हेतू शोधणाऱ्या विचारपद्धतीला कटसिद्धान्त म्हणतात. योगायोगाने काहीच घडत नाही, हे तिचे गृहीतक प्रत्यक्ष जगात टिकत नाही. खेळाच्या जगात मात्र ते अक्षरशः खरे असते, कारण तिथल्या टेबलावरचा प्रत्येक कागद कोणीतरी हेतुपुरस्सर ठेवलेला असतो. या माध्यमाला कारस्थानाचे विषय इतके मानवतात, त्याचे मुख्य कारण हेच असावे. (नव्वदच्या दशकातील ‘एक्स-फाइल्स’ या मालिकेची लोकप्रियता हे दुसरे कारण, पण ते दुय्यम.)

‘डेउस एक्स’ 2052 मध्ये घडतो. ‘ग्रे डेथ’ नावाची साथ पसरलेली आहे, तिच्यावरची तुटपुंजी लस सत्ताधाऱ्यांच्या मुठीत आहे आणि दहशतवादविरोधी दलाचा नवा हस्तक जेसी डेंटन सुरुवातीला त्याच सत्तेची चाकरी करतो. खेळाचे खरे सामर्थ्य असे की, येथील कारस्थान मशालींच्या उजेडात शपथा घेणाऱ्या बुरखाधाऱ्यांचे नसून कचेरीतल्या कामकाजाचे आहे. सहकाऱ्यांचे ईमेल वाचावेत, तर त्यांत किरकोळ कुरबुरींच्या शेजारीच घातपाताचे धागे सापडतात. स्त्रियांच्या स्वच्छतागृहात डोकावल्यास वरिष्ठांकडून कानउघाडणी होते. अ‍ॅना नव्हार ही यंत्रावयवधारी सहकारी पुढे वैरीण बनून वाट अडवते, तेव्हा तिला संपवणारा सांकेतिक शब्द संगणकांमध्ये दोन तुकड्यांत विखुरलेला असतो, आणि ज्याने नेटाने वाचन केले त्याला तिच्याशी लढावेच लागत नाही.

याउलट ‘असॅसिन्स क्रीड’ ही 2007 मध्ये सुरू झालेली मालिका, 1312 मध्ये पोपने विसर्जित केलेल्या टेम्प्लर या लढवय्या धर्मसंघाला अ‍ॅब्स्टर्गो नामक आधुनिक कंपनीच्या रूपात जिवंत ठेवते. तिच्यातील शहरे देखणी आहेत, परंतु खेळाडूची बाजू बहुतेक वेळा आधीच ठरलेली असल्याने संशयाला फारसा वाव उरत नाही आणि कारस्थानाला पिढीजात भाऊबंदकीचे रूप येते.

‘डेउस एक्स’ संशय अखेरपर्यंत जागा ठेवतो, म्हणून तो श्रेष्ठ. शेवटी खेळाडूपुढे तीन वाटा असतात: हेलिओस या कृत्रिम बुद्धिमत्तेशी एकरूप होऊन जगावर राज्य करणे, इल्युमिनाटीच्याच हाती पुन्हा सत्ता सोपवणे, किंवा जागतिक संपर्कजाळे उद्ध्वस्त करून मानवजातीला अंधारयुगात लोटणे. कारस्थान मोडून जग पूर्ववत करण्याची चौथी वाट या खेळात नाही.