शिडी ठेवून येईपर्यंत

मुलांनो, सुट्टी लागली रे लागली की तुमच्यातले निम्मे आजोळी पळता. आज अशाच एका आजोळची हकिगत सांगणार आहे. आजोळ मात्र फार लांबचं, आयर्लंडमधलं. आधीच सांगून ठेवते, या गोष्टीला शेवट नाही. वर्गात मी गोष्ट थांबवली की तुम्ही "बाई, पुढे काय झालं?" म्हणून पिच्छा सोडत नाही ना? इथे पुढचं कुणालाच ठाऊक नाही.

आयर्लंडच्या वायव्येला डोनेगल नावाचा परगणा आहे. डोंगर, तळी, मेंढ्या आणि लांब लांब विखुरलेली घरं. तिथल्या बॅलिशॅनन गावाजवळ कॅशेलार्ड नावाची वस्ती आहे. 17 मार्चला त्या देशात सेंट पॅट्रिकचा सण असतो, आपल्या दिवाळीसारखी माणसं एकमेकांकडे जातात. 1977 साली त्या सणासाठी मेरी नावाची सहा वर्षांची मुलगी आईवडील आणि भावंडांबरोबर आजोळी आली होती. तिला एक जुळी बहीण होती. सातवा वाढदिवस तीनच महिन्यांवर आला होता.

सणाच्या दुसऱ्या दिवशी, 18 मार्चला, मेरीचा मामा शेजाऱ्याची शिडी परत द्यायला निघाला. मुलं बाहेर खेळत होती. मेरी मामाच्या मागे मागे गेली. यात नवल ते काय? मामा खांद्यावर शिडी घेऊन निघाला तर तुम्हीसुद्धा जाल! शेजाऱ्याचं घर चालत काही मिनिटांवर, पण मधे सगळी चिखलराड. एके ठिकाणी पाणी जास्त होतं. तिथून ती घरी परत फिरली, मामा पुढे गेला. पायात गमबूट, हातात बटाट्याच्या वेफर्सची पुडी. त्यानंतर तिला कुणी पाहिलं नाही.

तिथली जमीन कशी असते ते समजून घ्या, म्हणजे शोध किती अवघड होता ते कळेल. आयर्लंडचा सुमारे सहावा भाग दलदलीचा आहे. थंडी आणि सततचा पाऊस यामुळे गवत-शेवाळ पुरतं कुजत नाही, थरावर थर साचतात आणि काळी, स्पंजासारखी ओली माती तयार होते. तिला पीट म्हणतात. तिथले लोक ती विटांसारखी कापून वाळवतात आणि चुलीत जाळतात. वरून हिरवं दिसतं, पाय ठेवला की आत जातो. हवा लागत नसल्यामुळे आत पुरलेली वस्तू फार काळ टिकते. हजारो वर्षांपूर्वी पुरून ठेवलेलं लोणी तिथे सापडलंय, बरं का!

पोलीस आले, शेजारीपाजारी कामधंदा सोडून आले. शेतं, तळी, दलदल सगळं धुंडाळलं. पुढच्या काळातही पुन्हा पुन्हा शोध झाला, चौकशा झाल्या. एक पुडी नाही, एक गमबूट नाही. कुणावर खटलाही उभा राहिला नाही. इतका जुना, न उलगडलेला हरवलेल्या मुलाचा तपास त्या देशात दुसरा नाही. तर्क मात्र लोकांनी ढीगभर केले. ते मी इथे सांगणार नाही. पुराव्याशिवाय कुणाकडे बोट दाखवणं मला पटत नाही, मग वर्गातली हरवलेली पेन्सिल असो की हे.

मला सगळ्यात जड जातं ते जुळ्या बहिणीचं. ती मोठी झाली, उत्तर मागत राहिली. मेरी आज कशी दिसली असती, हे तिच्याकडे बघून कळतं.

तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाहीये. पण सहलीला मी तुमच्या जोड्या का लावते आणि सारखी डोकी का मोजते, ते आता ध्यानात येईल. घोटाळा बहुतेकदा 'अर्ध्या वाटेत' होतो. पुढच्याला वाटतं पोरगं घरी पोचलं, घरच्यांना वाटतं पुढच्याबरोबर आहे. तेव्हा मधूनच परत फिरायचं असेल तर मोठ्या माणसाला थांबवा, म्हणा, "मला घरापर्यंत सोड." त्यात लाज कसली? आणि रानात चुकलातच, तर भटकू नका, एका झाडाशी थांबा. 1981 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डोंगरात नऊ वर्षांचा एक मुलगा हरवून दगावला. त्यानंतर तिथे मुलांना हेच शिकवू लागले : झाडाला मिठी मारून बसा. थांबलेलं मूल लवकर सापडतं.

हे पुढचं आईबाबांसाठी. मूल दिसेनासं झालं तर "चोवीस तास वाट बघू" हा समज डोक्यातून काढा. मूल हरवल्याची तक्रार आली की पोलिसांनी गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली सांगितलं आहे. 1098 हा मुलांच्या मदतीचा फुकट फोन नंबर आहे. घरातल्या लहानग्याला तो पाठ आहे का, आजच विचारून बघा. पाढे पाठ करतो, मग चार आकडे काय अवघड!

आयर्लंडमध्ये किल्केनीच्या किल्ल्याच्या बागेत हरवलेल्या माणसांचं एक स्मारक आहे. 2002 साली तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. 2013 पासून त्या देशात दर डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी हरवलेल्यांचा दिवस पाळतात. ज्यांचं माणूस परत आलेलं नाही, ते घरचे लोक त्या दिवशी एकत्र जमतात.