श्रद्धांजली वाहिली, पण अहवाल कुठाय?

तुमच्या कट्ट्यावर ‘सीडीएस’ नाहीतर ‘ॲफकॅट’ची तयारी करणारं एखादं तरी कोणी असणारच. शेवटी पुणं आहे, एनडीएचं शहर. म्हणूनच गुजरातच्या समुद्रात घडलेली ही गोष्ट आपल्यापासून लांबची नाही.

2 सप्टेंबर 2024, रात्री अकराच्या सुमारास. पोरबंदरपासून साधारण 45 किलोमीटरवर ‘हरि लीला’ या टँकरवरच्या एका जखमी कर्मचाऱ्याला आणायला तटरक्षक दलाचं ‘ध्रुव’ हेलिकॉप्टर निघालं आणि समुद्रात कोसळलं. आत चौघं होते. एक पाणबुड्या वाचला. दोघांचे मृतदेह लवकर सापडले. पायलट राकेश कुमार राणा यांचा मृतदेह मिळायला महिन्याहून जास्त काळ गेला.

ही एकटी घटना नाही. 8 मार्च 2023 ला मुंबईजवळ नौदलाच्या ‘ध्रुव’ची ताकद अचानक गेली. पायलटने ते पाण्यावर उतरवलं म्हणून तिघं वाचले. 5 जानेवारी 2025 ला पोरबंदर विमानतळावर तटरक्षक दलाचं आणखी एक ‘ध्रुव’ पडलं, तिघं गेले. मग तिन्ही दलांची आणि तटरक्षक दलाची मिळून सुमारे 330 ‘ध्रुव’ जमिनीवर ठेवली गेली.

जानेवारीच्या अपघातात ‘स्वॅशप्लेट’ तुटल्याचं समोर आलं. पायलटने दांडा हलवला की तो इशारा फिरत्या पात्यांपर्यंत पोचवणारी ही तबकडी. ती तुटली की पायलट कितीही तरबेज असो, हेलिकॉप्टर त्याचं ऐकत नाही. त्यात खाली समुद्र असेल तर आणखी अवघड. इंजिन आणि गिअरबॉक्सचं वजन वरच्या बाजूला, त्यामुळे पाण्यात पडलेलं हेलिकॉप्टर पटकन उलटतं. अंधारात, उलटं लटकून दार शोधायचं!

पण तिन्ही अपघातांचं कारण एकच, असं लगेच धरून चालू नका. खरा मुद्दा तिथेच आहे. नागरी विमान पडलं तर ‘एएआयबी’ तपास करते आणि अंतिम अहवाल वेबसाइटवर कुणालाही वाचता येतो. लष्करी अपघाताची ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’ होते आणि तिचा अहवाल सहसा बाहेर येत नाही.

काही गोष्टी गुप्त ठेवाव्या लागतात, मान्य. पण डिसेंबर 2021 मध्ये जनरल बिपीन रावत यांचं हेलिकॉप्टर कोसळलं, तेव्हा जानेवारी 2022 मध्येच हवाई दलाने प्राथमिक निष्कर्ष जाहीर केले होते. म्हणजे गुपितं सांभाळूनही कारण सांगता येतं.

तेव्हा पुढच्या वेळी श्रद्धांजलीची स्टोरी जरूर टाका. पण दोन महिन्यांनी आपल्या खासदारांना एक मेलही टाका: चौकशीचं काय झालं? संसदेत प्रश्न आला की संरक्षण मंत्रालयाला उत्तर द्यावंच लागतं. उद्या त्या कॉकपिटमध्ये तुमच्याच बेंचवरचं कोणीतरी बसणार आहे.