चार्जरचीही जोडी जमावी लागते

बैलजोडी घेताना आपण दोन्ही बैलांची उंची, चाल अन् ताकद पाहतो. पण बॅटरीच्या फवारणी पंपाला शेजाऱ्याचा चार्जर लावताना मात्र पिन बसली की झालं, असं समजतो. रोहणा परिसरात कपाशी-सोयाबीनची फवारणी ऐन भरात असताना ही सवय महागात पडू शकते.

पंपावर '१२ व्होल्ट' लिहिलेले असले तरी आतली बॅटरी एकाच जातीची असेल असे नाही. शिसे-आम्लाची जड बॅटरी भरताना साधारण १४.४ व्होल्टपर्यंत जाते. तीन सेलची हलकी लिथियम-आयन बॅटरी मात्र १२.६ व्होल्टवर थांबलीच पाहिजे. तिच्या प्रत्येक सेलची मर्यादा ४.२ व्होल्ट. पहिलीचा चार्जर दुसरीला लावला की एकेका सेलवर ४.८ व्होल्टचा ताण येतो. आतले संरक्षक सर्किट बिघडलेले असेल तर बॅटरी फुगते, पेटही घेते. उलट केले तर शिशाची बॅटरी अर्धवट भरते अन् पंप अर्ध्या वावरातच बसतो.

दुसरी गोष्ट अँपिअरची. ८ ए.एच.च्या शिशाच्या बॅटरीला तिच्या दहाव्या हिश्शाचा, म्हणजे ०.८ अँपिअरचा चार्जर सोसतो. वेळ जास्त लागतो, पण बॅटरी टिकते. लवकर भरते म्हणून मोठा चार्जर लावला तर ती तापते अन् आयुष्य घटते. पिनेची अधिक-उणे बाजूही जुळलेली हवी.

रेडिओ रिमोटवर उडणाऱ्या ड्रोनला तर हे नियम आणखी कडक लागतात. केंद्राने २०२३ मध्ये १५,००० महिला बचत गटांसाठी 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली. १२ सेलच्या लिथियम-पॉलिमर संचाला ५०.४ व्होल्टवर थांबणारा अन् प्रत्येक सेल समान भरणारा चार्जरच लागतो. असा संच रात्रभर लावून झोपू नये, गोठ्यात किंवा कुटाराजवळ तर मुळीच नको.

माझे मत स्पष्ट आहे. सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारून चालणार नाही. पंप विकणाऱ्याने बॅटरीची जात, चार्जरचे व्होल्ट अन् अँपिअर बिलावर मराठीत लिहून द्यावेत. अनुदानाच्या पंपालाही हाच नियम असावा. तुम्हीही ते लिहून घेतल्याशिवाय पैसे मोजू नका. घरी आल्यावर पंपाला अन् त्याच्या चार्जरला एकाच रंगाचा ऑइलपेंटचा ठिपका लावा. रंग जुळला तरच पिन लावायची, हे घरातल्या पोरासोरांनाही सांगून ठेवा.